पाठीवर चेहरा असलेला राणीछाप

दाढ निम्मी हलली होती आणि माझा हात थांबला. सत्तावीस वर्षं मी लोकांचे दात काढतेय, पण हात असा मध्येच कधी थांबला नव्हता. खुर्चीत कळवणकडच्या एका खेड्यातल्या मावशी डोळे गच्च मिटून पडल्या होत्या, वय ऐंशीला टेकलेलं. आल्यापासून त्यांनी उजवी मूठ आवळून धरली होती. मला वाटलं, भीतीनं. कोणी पदराचं टोक धरतं, कोणी खुर्चीचा हात, एकीनं तर माझी वेणीच धरली होती. पण दाढ करकरली तशी मावशींची मूठ जरा सैल पडली आणि आत मला चांदी दिसली. चांदीत एका बाईचा चेहरा होता. आणि तो उठून आलेला नव्हता, आत गेलेला होता! ओल्या मातीत कोणी तोंड दाबून काढावं तसा खळगा, आणि त्यात हळदकुंकू थापून बसलेलं.

"अगं बाई गं!" मी ओरडलेच.

मावशींनी खाडकन डोळे उघडले. त्यांना वाटलं दाढ तुटली. बाहेर बसलेला त्यांचा मुलगा दारातून डोकावला. "काही नाही, काही नाही, झालंच," असं म्हणत मी दाढ ओढली. ती बापडी मुळांसकट अख्खी निघाली आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी मी काढलेली दाढ पेशंटला कौतुकानं दाखवते. जखमेवर कापसाचा बोळा ठेवला, "मावशी, घट्ट दाबून धरा, तासभर बोलायचं नाही," एवढं सांगितलं आणि लगेच विचारलं, "मुठीत काय आहे?"

आता बोलायचं नाही म्हटल्यावर त्या काय सांगणार, कप्पाळ! त्यांनी मूठ आणखी आवळली.

माझं वेड इथंच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई ठिकाणावर नाही. इंदिरानगरात माझा दातांचा दवाखाना आहे, ते पोटापाण्याचं. खरा जीव आहे तो जुन्या नाण्यांत. त्यातही सरळ, शहाणी, देखणी नाणी मला लागत नाहीत. मला चुकलेली लागतात. ठसा सरकल्यामुळे ज्यातला राजा अर्धाच आलाय असं, कड चंद्रकोरीसारखी कातरली गेलेलं, दोनदा ठोकलं गेल्यानं दोन दोन नाकं आलेलं. टांकसाळीत एवढी तपासणी, एवढा पहारा, आणि त्यातून एखादं वेडंवाकडं पोर डोळा चुकवून बाहेर पळालंय, या कल्पनेनंच मला गुदगुल्या होतात. दुसरं वेड अक्षरांचं. ठसा कोरणारा कारागीर पुष्कळदा आपल्या नावाची आद्याक्षरं नाण्यावर हळूच ठेवून देतो. राजाच्या खांद्याच्या कडेला, राणीची मान जिथं संपते त्या रेघेवर, तांदळाच्या कणीच्या पावपट. लाखो लोक ते नाणं हाताळतात आणि कुणाला पत्ता नसतो. दात बघायला मी डोळ्यांवर जे भिंग चढवते, त्याच भिंगातून मी ही अक्षरं शोधते. नवरा म्हणतो, तुला माणसांच्या दाढा आणि राजांच्या माना यापलीकडे जगात काही दिसत नाही. खोटं नाही त्यात काही.

पूर्वी भाजीवालीकडून आलेली चिल्लरसुद्धा मी टेबलावर पसरून बघायचे. आता तिच्या टोपलीवरही तो चौकोनी कोड चिकटवलेला, चिल्लर दिसणंच बंद. त्यामुळे अलीकडे माझी उपासमार चालली होती.

आणि या सगळ्या चुकांमध्ये एक चूक मला पोटातून हवी होती. आमच्यातले लोक तिला लाखी म्हणतात. होतं असं, की ठोकलेलं एखादं नाणं यंत्रातून खाली पडायच्या ऐवजी एका ठशाला चिकटून बसतं. मग पुढची कोरी चकती येते. तिच्या एका बाजूला ठशाचा चेहरा नीट उमटतो, पण दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या आधीच्या नाण्याचा चेहरा रुततो, आत गेलेला आणि उलटा. म्हणजे पुढून राणी, पाठीवरही राणीच. एक उठलेली, एक खचलेली. साल नाही, किंमत नाही, काही नाही, कारण ती बाजू उमटलेलीच नसते. आता अशा लाख्या पितळी, स्टीलच्या माझ्याकडे आहेत दोन चार. पण राणीछाप रुपयाची, त्यातही मुकुट नसलेल्या, अंबाडा घातलेल्या तरुण राणीची लाखी मी उभ्या जन्मात एकदाच पाहिली होती, एका प्रदर्शनात, काचेआडून. एकदा घ्यायला गेले आणि सपशेल फसले. खऱ्या रुपयावर दुसरा रुपया ठेवून शिकंज्यात दाबून बनवलेली नकली निघाली. तेव्हापासून मला खूण ठाऊक आहे. दाबून केलेल्या नकलीत चेहरा येतो, केस येतात, पण ती कारागिराची बारीक अक्षरं काही येत नाहीत. ती फक्त टांकसाळीच्या ठोक्यानंच येतात.

तर आता कळलं ना, मी का ओरडले?

मुलगा आत आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. "मॅडम, उरकलं असेल तर आम्ही निघतो. अजून रामकुंडावर जायचंय, हे सोडायला." आणि त्यानं आईच्या मुठीकडे बोट केलं.

"सोडायला म्हणजे?"

"पाण्यात. खंडित आहे ना ते." त्यानं सगळं सांगितलं. गावात त्यांनी नवीन बंगला बांधला होता. वास्तू बघायला एक जण आला. त्यानं देवघरातली ही चांदीची देवी हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाला, हिचा चेहरा आत खचलाय, ही खंडित मूर्ती, नव्या घरात ठेवू नका, वाहत्या पाण्यात सोडा. खंडित देव घरात ठेवत नाहीत हे तर आपल्याकडे कुणीही सांगेल. मग काय, दाढेसाठी नाशिकला यायचंच होतं, एका फेरीत दोन्ही कामं. "आई चार दिवस जेवली नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्यात थोरल्या सुनेकडे येते ही. आजीनं आईला दिली होती. पण काय करणार, दोष तो दोष."

मी मावशींकडे पाहिलं. गाल सुजलेला, तोंडात कापूस, आणि डोळे मुठीवर. मघापासून मी ज्याला दाढेची भीती समजत होते ती दाढेची नव्हतीच. बाई आपल्या देवीला शेवटचं धरून बसली होती.

आणि आता माझं पाप ऐका. लपवून काय करू? माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही कशाला एवढ्या गर्दीत जाता यांना घेऊन? द्या माझ्याकडे, मी सोडते संध्याकाळी."

मुलगा एकदम खूश. "फार बरं होईल मॅडम! आई, दे."

देवा! इतकं सोपं होतं. एक हात पुढे करायचा. मी केलाही. मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलता येत नव्हतं म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मूठ काही उघडली नाही. मी हात मागे घेतला आणि उगाचच ट्रेमधली हत्यारं वाजवत बसले. लाज वाटली मला, अगदी शाळेत खडू चोरताना सापडल्यासारखी.

"थांबा," मी म्हटलं, "मी तुमच्याबरोबर येते."

"रामकुंडावर?"

"रक्त थांबतंय का ते बघायला हवं." कुठला दातांचा डॉक्टर दाढ काढलेल्या पेशंटबरोबर रामकुंडावर जातो? पण मी आवाज असा लावला की त्यानं पुढे विचारलं नाही. दुपारचे पेशंट पुढे ढकलायला सांगितलं आणि मी त्यांच्या गाडीत मागं, मावशींशेजारी जाऊन बसले.

द्वारका चौकात जाम लागला. लागणारच. आणि तिथं अडकल्या अडकल्या मी बोलत सुटले. लाखी म्हणजे काय, ठसा, कोरी चकती, चिकटून बसलेलं नाणं, सगळं. मुलगा आरशातून माझ्याकडे बघत होता. शेजारच्या बसमधले लोकही बघत होते. मग लक्षात आलं, भिंग कपाळावर तसंच राहिलं होतं. राहू दे मेलं!

"म्हणजे मॅडम, तुमचं म्हणणं, ते मोडलेलं नाही?"

"अहो, मोडायला ते आधी धड असावं लागतं! हे जन्मालाच असं आलंय. कुणी खचवलं नाही, कुणाच्या हातून पडलं नाही. हिच्या आधीची जी होती, तिचा मुखडा हिच्या पाठीवर उमटलाय, एवढंच. तुमच्या त्या वास्तूवाल्याला नाण्यातलं काय कळतं, डोंबल?"

मावशींनी मान माझ्याकडे वळवली. एवढ्या वेळात पहिल्यांदा.

"पण नक्की का?" मुलगा म्हणाला. "तुम्ही बघितलंय कुठं नीट? उद्या घरात काही झालं तर मला सगळे बोलतील."

बरोबर होतं त्याचं. मी बघितलं होतं ते दाढ काढता काढता, अर्ध्या श्वासापुरतं. ते नकली असलं तर? कुणीतरी शिकंज्यात दाबलेलं असलं तर ते खरोखरच चांगलं नाणं घेऊन खचवलेलं, म्हणजे वास्तूवाला जिंकला. मला खोटं बोलता आलं असतं, पण या बाईसमोर एका दिवसात दोनदा नाही.

रामकुंडावर नेहमीची गर्दी. मुलानं लांब कुठंतरी गाडी लावली, आम्ही मावशींना दोन बाजूंनी धरून पायऱ्या उतरवल्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर त्या बसल्या. मुलगा म्हणाला, "आई, सोड आता." त्यांनी हात पाण्यावर नेला. मूठ उघडली, पण नाणं सोडलं नाही. पाण्यात बुडवलं आणि अंगठ्यानं त्या खळग्यातली हळद, कुंकू हळूहळू मोकळं करत राहिल्या, लहान पोराचं तोंड धुवावं तसं. पाणी लाल झालं, मग पिवळं, मग नितळ. आणि मग, मी काही न मागता, त्यांनी ते नाणं कडेला धरून माझ्यापुढे केलं.

मी ओल्या पायरीवर गुडघे टेकले. साडी गेली खड्ड्यात. भिंग डोळ्यांवर ओढलं. आधी पुढची बाजू बघितली. पिढ्यान् पिढ्या चिंच लावून घासलेली, नाक सपाट, केस सपाट, मानेखाली तर नुसती गुळगुळीत चांदी. अक्षरांचा मागमूस नाही. मग उलटं केलं. उन्हाकडे जरा कलवलं. अंबाडा दिसला, एकेक बट मोजून घ्यावी इतका कोरीव! बरोबरच होतं, खळग्यात चिंच पोचणार कुठून? तिथं आधी कुंकू जाऊन बसलं होतं, आणि त्या कुंकवानं सगळं सांभाळलं होतं. मी मानेची रेघ शोधली. रेघेवरून सरकत गेले. धूळ? नाही. ओरखडा? नाही!

"दिसली! दिसली! मावशी, दिसली!"

एकच इंग्रजी अक्षर, डब्ल्यू, दोनदा, शेजारी शेजारी. खरं तर ते आरशातल्यासारखं उलटं उमटायला हवं, पण अक्षरच असं की आरशातही तसंच दिसतं. कणीहून बारीक, धारदार, काल कोरल्यासारखं. वरच्या पायरीवरच्या एका बाईनं विचारलं, "कानातली कुडी सापडली का हो?" मी म्हटलं, "कुडी काय घेऊन बसलात, राणी सापडली!" मला हसू येत होतं, नाणं पडेल म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं. अस्सल. शंभर टक्के अस्सल लाखी!

मुलाला भिंग लावून दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं. "म्हणजे हे ज्यानं कोरलं त्याची सही?"

"सहीच. आणि ती इथं एवढी साफ आहे म्हणजे हे टांकसाळीतूनच असं निघालंय. खंडित नाही. घरी न्या खुशाल. वास्तूवाल्यानं विचारलं तर सांगा, डॉक्टरनं तपासलंय, ठणठणीत आहे."

तो हसला. मावशींचा चेहरा सुजेमुळे धड हसत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बरी शे ना माय," कापसाआडून त्या नाण्याला म्हणाल्या, आपल्या घरच्या अहिराणी वळणात. तास व्हायला अजून वेळ होता, पण मी रागावले नाही.

आणि तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मॅडम, इतकं दुर्मिळ म्हणता, तर याचे किती येतील?"

मावशींचं रडणं थांबलं.

तो वाईट माणूस नव्हता हो. बंगला बांधलेला माणूस, विचारणारच. "तुम्हाला आवड आहे ना? तुम्हीच घ्या ना," तो मोकळेपणानं म्हणाला. "उगाच पाण्यात जाणार होतं, त्यापेक्षा तुमच्याकडे सांभाळून राहील. आईचीही समजूत पटेल."

बघा आता. चोरी नाही, लबाडी नाही, समोरून चालून आलेलं. योग्य ते पैसे मोजून मी ते घेतलं असतं तर कुणी मला नाव ठेवलं नसतं. तीस वर्षांची वाट. माझ्या तळहातावर ते ओलं, जड, गार पडलं होतं. मी मावशींकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं की संपलं हे मला माहीत होतं. आणि बघितलंच.

"छे हो," मी म्हटलं. "घासून घासून गेलंय सगळं. अशा नाण्याला आता कोण विचारतं? मोडीत घातलंत तर चांदीचे येतील तेवढेच. माझ्याकडे यापेक्षा चांगली आहेत."

हेच वाक्य! याच सुरात, असंच ओठ काढून, किती दुकानदारांनी मला ऐकवलंय, माझं नाणं स्वस्तात काढून घ्यायला. मला त्या सगळ्यांच्या तोंडात मारावंसं वाटायचं. आणि आज मी ते इतकं सफाईनं म्हटलं की मुलानं लगेच मान डोलावली. "मग राहू दे घरीच," म्हणाला, आणि गाडी आणायला पायऱ्या चढून गेला.

आम्ही दोघीच उरलो. मी नाणं पदरानं टिपून मावशींच्या हातावर ठेवलं. त्यांनी तोंडातला कापूस काढला, रक्त थांबलंय का बघितलं आणि बाजूला ठेवला.

"ती गोऱ्यांची राणी हाय, मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला वाटत आसंल, म्हातारीला समजत नाय. माझी सासू म्हनायची, कुठली का आसंना, आपल्या घरात आली, आपली झाली. साठ वरसं तिचं तोंड धुतलं मी."

मी नुसतं हो म्हटलं.

"पोराला खोटं का सांगितलं?"

"विकलं असतं त्यानं, मावशी."

"तुलाच इकलं आसतं." आता त्या मला अगं तुगं करत होत्या. "तुला पायजे नव्हती?"

आणि मग माझा बांध फुटला. चोपन्न वर्षांची बाई मी, गोदेच्या काठावर चारचौघांत रडले. "हवी होती. मावशी, इतकी हवी होती की काय सांगू तुम्हाला. अजूनही हवी आहे. मघाशी दवाखान्यात मी तुम्हाला फसवणार होते."

"ते दिसलं मला." त्यांनी माझा हात ओढला, नाणं त्यात ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली. "धर. पोरगा गाडी आणेस्तोवर तुझी."

मी मूठ आवळली. अकरा ग्रॅमच्या वर चांदी, माझी. पुढून राणी, मागून राणी, आणि माझ्या अंगठ्याखाली ती दोन अक्षरं, डोळ्यांना दिसत नव्हती पण मला तिथं जाणवत होती, शपथ! मी उघडून बघितलं नाही. भिंगही लावलं नाही. नुसती धरून बसले आणि मनात म्हणत राहिले, पुढं कुणीतरी आडवी गाडी लावलेली असू दे, किल्ली हरवू दे, चाकातली हवा जाऊ दे, काहीही होऊ दे.

मेला पाच मिनिटांत आला.